सूट (पोशाख)

सूट : एकाच कापडातून बेतलेल्या कोट व पँटचा (स्त्रियांसाठी पँट किंवा स्कर्टचा) औपचारिक जोड. जाकीट असल्यास ‘थ्री-पीस’.

उगमाबाबत एकमत नाही. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने दरबारासाठी लांब ‘व्हेस्ट’ (कोटाखाली घालायचे जाकीटवजा वस्त्र) वापरण्याचा निर्णय जाहीर केल्याची नोंद लंडनमधील सरकारी अधिकारी सॅम्युएल पीप्सच्या ८ ऑक्टोबर १६६६ च्या रोजनिशीत आहे. सामान्यतः सुरुवात तेथून धरतात. त्याच काळातील इंग्रज लेखक जॉन एव्हलिनने हा वेष इराणी धर्तीचा म्हटला आहे. पण त्याने १६६१ मध्ये फ्रेंच फॅशनविरुद्ध पुस्तिका लिहिली होती, त्यामुळे त्याची साक्ष तटस्थ मानता येत नाही. फ्रान्समध्येही लांब कोट त्याच सुमारास रूढ होत होता; दोन्ही प्रवाह एकत्र आले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एकाच कापडाचे तिन्ही कपडे अठराव्या शतकातही आढळतात. मात्र आजचा आखूड कोटाचा सूट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील ‘लाउंज सूट’पासून आला.

स्त्रियांचा सूट विसाव्या शतकातला, हा समज दुरुस्त करायला हवा. पीप्सनेच १२ जून १६६६ रोजी लिहिले आहे, की राजवाड्यातील मानकरणी घोडेस्वारीच्या वेषात, छातीपर्यंत गुंड्या लावलेल्या पुरुषी कोटांत वावरत होत्या. खाली लोळणारा घागरा नसता तर त्या स्त्रिया वाटल्याच नसत्या. त्याला ते रुचले नाही. पँटला अधिक काळ लागला. पॅरिसमध्ये १८०० च्या हुकुमानुसार पुरुषी वेषासाठी स्त्रीला पोलिसांचा परवाना लागे. हा हुकूम निष्प्रभ असल्याचे फ्रेंच सरकारने २०१३ मध्ये स्पष्ट केले. फ्रेंच फॅशन डिझायनर ईव्ह सँ लोराँने १९६६ मध्ये स्त्रियांसाठी ‘ल स्मोकिंग’ हा सूट सादर केला.

भारतात सूट ब्रिटिश अमलात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यांवरचा निळा सूट महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे.

बांधणी : कोटाचे खरे कसब आत, कापड व अस्तर यांच्यामधल्या कॅनव्हासमध्ये असते. लोकर व घोड्याच्या केसांचे हे विणकाम लॅपलच्या (कोटाच्या छातीवर बाहेर दुमडलेल्या पट्टीच्या) कापडाला बारीक तिरक्या टाक्यांनी जोडतात. टाके घालताना कारागीर लॅपल बोटावर वळवून धरतो, म्हणून ती दुमड इस्त्रीशिवायही टिकते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार सुटांत कॅनव्हासऐवजी उष्णतेने चिकटवलेला थर सर्रास आला. तो स्वस्त पडतो, पण हलक्या प्रतीचा असल्यास वारंवार ड्रायक्लीनिंगनंतर छातीवर फुगे येतात.