इंजिन दमलंय की पंप घसरतोय? जेट बोटीला पिकअप नसेल तर आधी हे बघा

बोटीला पिकअप नाही म्हटलं की लोक थेट इंजिनचं झाकण उघडतात, प्लग काढतात, फिल्टर बदलतात, पेट्रोलला शिव्या घालतात, आणि छोट्या जेट बोटीत बऱ्याचदा इंजिन बिचारं ठणठणीत असतं. इथे दोन वेगळे आजार आहेत आणि बसल्या जागी दोन्ही सेम वाटतात: थ्रॉटल पूर्ण दाबलाय, नाक वर आलंय, बोट काही केल्या प्लेनवर येत नाही, म्हणजे पाण्यावर उचलून सपाट धावत नाही. एकात इंजिन ताकदच देत नाही. दुसऱ्यात इंजिन ताकद देतंय पण पंप (खालून पाणी ओढून मागे फेकतो आणि बोट ढकलतो तो) पाणी नीट पकडत नाही, क्लच प्लेट गेलेल्या बाईकसारखं, आवाज भरपूर आणि गाडी जागेवर.

वेगळे ओळखायचे कसे? आरपीएमचा काटा बघा. पूर्ण थ्रॉटलला मॅन्युअलमधला आकडा येतोय किंवा त्याच्याही वर जातोय आणि तरी बोट रेंगाळतेय, तर पंपाकडे जा. आकडाच येत नसेल तर इंजिनकडे.

जेट बोटीत या काट्यावर एवढा विश्वास का ठेवायचा तर, बाहेरच्या पंख्याच्या बोटीत चार माणसं जास्त बसली की आरपीएमच पडतो, त्यामुळे काही कळत नाही. जेटमध्ये इंपेलर, म्हणजे पंपातला पंखा, पाण्याने भरलेल्या नळीत फिरतो, त्याला फिरवायला किती ताकद लागणार हे बोटीच्या वेगावर जवळजवळ ठरतच नाही, आरपीएमवर ठरतं, आणि तेही घनाच्या हिशेबाने. म्हणून 7000 च्या जागी 6500 दिसले तर थोडंच कमी आहे म्हणून सोडू नका, साधारण पाचवा हिस्सा ताकद गेलेली असते.

आता पंप, कारण दुर्लक्ष इथेच होतं. इंजिन बंद करा, सेफ्टी लॅनयार्ड (निघाली की इंजिन बंद पाडणारी दोरी) काढून खिशात ठेवा (हे खरंच करा, पंपाच्या जाळीत बोटं जाणार आहेत) आणि टॉर्च घेऊन बोटीच्या तळाच्या, पाणी आत घेणाऱ्या जाळीतून आत बघा. शेवाळ, प्लास्टिकची पिशवी किंवा शाफ्टला घट्ट गुंडाळलेली दोरी, यातलं काही ना काही सापडतं. मी एका बोटीचे सगळे प्लग बदलून झाल्यावर आत बघितलं तेव्हा करंगळीएवढी जाड नायलॉन दोरी शाफ्टवर अशी वितळून बसली होती की ती शाफ्टचाच भाग वाटत होती, ब्लेडने कापून काढावी लागली. दोरी नसेल तर इंपेलरच्या पात्यांच्या पुढच्या कडेवर नख फिरवा. खडा गेला असेल तर खाच लागते, आणि त्या खाचेमागे पाणी फाटून बुडबुडे होतात. मग पाती आणि बाहेरच्या वेअर रिंगमधली (पात्यांभोवतीचं कडं) फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा. ही फट मिलिमीटरच्या काही दशांशात असायला हवी, एक मिलिमीटरच्या आसपास गेली की पाणी पात्यांच्या टोकावरून मागे निसटतं आणि सगळ्यात आधी मरतो तो जागेवरून सुटतानाचा पिकअप. टॉप स्पीड बरा राहतो, म्हणून लोकांना पंपाची शंकाच येत नाही. पंप आणि हलच्या (बोटीच्या मुख्य सांगाड्याच्या) मधलं सील गेलं तरी तेच, आत हवा ओढली जाते आणि आरपीएम एकदम उसळतो.

आणि इथेच मोठी फसगत होते. पंप घसरला की आरपीएम लिमिटरला (आरपीएम ठरलेल्या मर्यादेवर थांबवणारी यंत्रणा) जाऊन आदळतो, लिमिटर इंजिनची ताकद क्षणाक्षणाला तोडतो, आणि ते धडधडणं अगदी मिसफायरसारखं ऐकू येतं. तेव्हा कानावर जाऊ नका, काटा बघा.

इंजिनची बाजू ओळखीची आहे. फ्युएल फिल्टर चोंदला तर आयडलला छान चालतं आणि दाबलं की उपाशी मरतं, एक प्लग गेला तर सगळीकडेच लंगडतं, गरम झालं किंवा ऑइल प्रेशर पडलं तर कॉम्प्युटर स्वतःच आरपीएम बांधून ठेवतो. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर केबल शेवटपर्यंत उघडतेय ना तेही बघा, फुकटचं काम आहे. मात्र पाण्याबाहेर रेस करून "आरपीएम तर येतोय" म्हणू नका, लोडच नाही तर येणारच.

आकडा बरोबर, पंपही स्वच्छ, तरी जड वाटतेय? तळात साचलेलं पाणी बघा, रिव्हर्सची बादली (मागे जाण्यासाठी पाण्याची धार पुढे वळवणारं झाकण) अर्धवट खाली तर नाही ना तेही.

सेकंडहँड बोट असेल तर अजून एक. आधीच्या मालकाने जास्त पिचचा (पात्यांना जास्त तिरका कोन असलेला) इंपेलर बसवला असेल तर चांगल्या इंजिनचाही आरपीएम कमीच येणार, म्हणून इंपेलरवर नंबर कोरलेला असेल तर तो मॅन्युअलशी ताडून बघा आणि मगच पाने-पक्कड काढा.