कळा कमी म्हणजे बाळंतीण खूश?
आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपवर कायम फिरतं की हॉस्पिटलात कळा जितक्या कमी तितकी बाई समाधानी. वाटणं साहजिक आहे, पण दुखणं हा त्यातला एकच भाग. १७ देशांतल्या १५,००० हून जास्त बायकांवरचे अभ्यास २०१७ मध्ये एकत्र तपासले तेव्हा दिसलं की जिच्याजवळ सतत कोणीतरी होतं, मग आई असो, नवरा असो की नर्स, तिला अनुभव वाईट वाटण्याचं प्रमाण कमी होतं. नीट बोलणं, काय करतोय ते सांगणं, तिला विचारणं, यानेच खूप फरक पडतो हो!
बघायचं असेल तर माहेरी आलेल्या बाळंतिणीला महिन्याभराने, सासूबाई समोर नसताना निवांत विचारा, तुझं कोणी ऐकलं का गं? लगेच विचारलंत तर बाळ सुखरूप म्हणून ती सगळंच छान म्हणेल.