दाढ काढली, कळ तशीच

ब्रश हिरडीला टेकला आणि गालातून विजेचा झटका गेल्यासारखी कळ आली. चार सेकंदांत थांबलीही. माणूस आधी दातांच्या डॉक्टरांकडे जातो, तेही बरोबरच. पण दुखणं ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाचं, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेचं, असेल तर रूट कॅनल होतं, दाढ जाते, मग शेजारची जाते. कळ मात्र तशीच.

किडलेली दाढ ठणकते, गरम-गार लागल्यावर बराच वेळ कळ मारते, रात्री झोपू देत नाही. न्यूरॅल्जियाची कळ जास्तीत जास्त २ मिनिटं, बहुधा एकाच बाजूला, आणि साध्या स्पर्शाने सुटते: तोंड धुताना, दाढी करताना, पंख्याच्या वाऱ्याने. कुठे दुखतं विचारलं की रुग्ण गालाकडे बोट नेतो, पण टेकवत नाही.

सर्वांत जास्त फसवतं ते भुलीचं इंजेक्शन. हिरडी बधिर केली की कळ थांबते आणि दोष दाढेवर येतो. खरं तर कळ सुरू करणारी जागाच तेवढी बधिर झालेली असते. दाढेवर ठोकून, गार लावून आणि एक्स-रे काढून काहीच सापडत नसेल, तर दाढेला हात लावू नये.

मूळ बहुतेकदा मेंदूच्या बुंध्यापाशी असतं. तिथे एखादी रोहिणी याच नसेवर टेकून धडधडत राहते, नसेचं आवरण झिजतं आणि स्पर्शाचा संदेश वेदनेच्या तंतूंत शिरतो. गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरॉसिस (नसांचं आवरण झिजवणारा आजार) नाही ना, हे पाहायला एमआरआय हवाच. वय कमी असेल किंवा गाल बधिर वाटत असेल तर विशेष.

साध्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे उपयोग नाही. कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध सहसा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करून, कळ आटोक्यात येईपर्यंत हळूहळू वाढवतात. त्याआधी एचएलए-बी १५०२ ही रक्ततपासणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह असेल तर त्वचा सोलवटणारी जिवघेणी रिअ‍ॅक्शन येऊ शकते. गरगरणं, झोप येणं, रक्तातलं सोडियम घटणं हे त्रास वयस्कांना जास्त. अंगावर पुरळ दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. औषध पुरेनासं झालं तर कानामागून शस्त्रक्रिया करून रोहिणी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात.

एका वेगळ्या दुखण्यात मात्र थांबून चालत नाही. पन्नाशीनंतर घास चावता चावता जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं, कानशिलं हुळहुळी होतात. ही कानशिलाजवळच्या रोहिणीची सूज (जायंट सेल आर्टेरायटिस) असू शकते. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या तपासण्यांसाठी रक्त द्यावं, पण दाट शंका असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू करतात. उशीर झाला तर डोळा जाऊ शकतो, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही.