टप्प्यांच्या मापाने बेतलेले विमान : डी हॅविलंड ‘कॉमेट’ची पार्श्वभूमी

मिल्डनहॉल ते बगदाद २,५३० मैल, बगदाद ते अलाहाबाद २,३०० मैल, अलाहाबाद ते सिंगापूर २,२१० मैल, सिंगापूर ते डार्विन २,०८४ मैल, डार्विन ते चार्लव्हिल १,३८९ मैल आणि तेथून मेलबर्न ७८७ मैल. १९३४ साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या हवाई शर्यतीचे हे सहा टप्पे होते. डी हॅविलंड कंपनीचे डीएच ८८ ‘कॉमेट’ हे दोन इंजिनांचे लाकडी विमान याच आकड्यांवरून जन्माला आले. वाटेतल्या प्रत्येक सक्तीच्या थांब्यापर्यंत मध्ये कोठेही न उतरता पोहोचायचे आणि तेही ताशी दोनशे मैलांच्या वेगाने, ही त्याच्या आखणीची एकमेव अट होती. त्याचे पातळ पंख, नाकात भरलेल्या पेट्रोलच्या टाक्या, वैमानिकाची मागे सरकलेली जागा आणि त्याचे दोषही या अटीतूनच उलगडतात.

शर्यतीला निमित्त मिळाले ते व्हिक्टोरिया राज्याच्या आणि मेलबर्न शहराच्या शताब्दीचे. मेलबर्नचे मिठाई आणि चॉकलेटचे मोठे कारखानदार सर मॅकफर्सन रॉबर्टसन यांनी बक्षिसांसाठी १५,००० पौंड देऊ केले आणि त्यांच्या उद्योगाच्या ‘मॅकरॉबर्टसन’ या नावानेच शर्यत ओळखली जाऊ लागली. वेगाच्या पहिल्या बक्षिसाची रक्कम १०,००० पौंड होती आणि त्यासोबत सोन्याचा चषक होता. विमानाची क्षमता लक्षात घेऊन वेळेत सूट देणारा दुसरा, हँडिकॅपचा गटही ठेवला होता. पाच थांबे सर्वांना बंधनकारक होते. त्यांखेरीज वाटेत इंधनाची सोय असलेले बावीस ऐच्छिक थांबे नेमून दिले होते. वारंवार उतरणाऱ्याचा वेळ जाई आणि न उतरणाऱ्याला पेट्रोलचे ओझे वाहावे लागे. शर्यतीचे सगळे गणित या दोहोंमध्ये होते.

त्या काळी हे अंतर किती मोठे वाटत असेल, हे आपल्या बाजूने पाहिले तर चटकन समजते. १९२९ साली इम्पीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा सुरू झाली, तेव्हा तिला सात दिवस लागत आणि त्यातला काही प्रवास आगगाडीचा असे. कराचीला उतरलेली टपाल पुढे मुंबईकडे आणण्यासाठी जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत जे विमान चालवले, ते डी हॅविलंडचेच ‘पस मॉथ’ होते. त्याआधी १९३० मध्ये आगाखान यांच्या पारितोषिकासाठी भारत आणि इंग्लंड यांच्यात एकट्याने उड्डाण करण्याची चुरस लागली होती. तिच्यात कराचीहून निघालेले जेआरडी आणि इंग्लंडहून निघालेले अस्पी इंजिनिअर यांची गाठ इजिप्तमधील अबूकीरला पडली. इंजिनिअर यांना स्पार्क प्लग हवे होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले आणि स्पर्धा इंजिनिअर यांनी जिंकली. दूरच्या उड्डाणांची त्या पिढीची रीत अशी होती : लहान ‘मॉथ’, एकच इंजिन, दररोज काही शे मैल आणि रात्री मुक्काम.

ही रीत १९३४ च्या शर्यतीत चालणार नव्हती. अमेरिकेत बोइंग, डग्लस आणि लॉकहीड यांची धातूची, एकाच पंखजोडीची आणि चाके पोटात घेणारी विमाने तयार झाली होती, तर ब्रिटनमध्ये त्यांच्या तोडीचे एकही विमान नव्हते. साम्राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे होणारी शर्यत परक्या विमानाने जिंकावी, हे जेफ्री डी हॅविलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सहन होण्यासारखे नव्हते. फेब्रुवारी १९३४ अखेर मागणी नोंदवणाऱ्यास ताशी दोनशे मैलांचे शर्यतीचे विमान ५,००० पौंडांत बांधून देऊ, असे कंपनीने जाहीर केले. खरा खर्च त्याहून बराच जास्त येणार होता आणि तोटा कंपनीने समजून-उमजून पत्करला होता. तीन मागण्या आल्या. जिम मॉलिसन आणि ॲमी मॉलिसन (माहेरच्या ॲमी जॉन्सन) या वैमानिक दांपत्याने एक विमान मागितले, मोटारशर्यतींत नाव कमावलेल्या बर्नार्ड रुबिन यांनी दुसरे आणि लंडनच्या ग्रोव्हनर हाऊस हॉटेलचे व्यवस्थापक ए. ओ. एडवर्ड्स यांनी तिसरे. मॉलिसन यांचे काळे-सोनेरी विमान ‘ब्लॅक मॅजिक’, एडवर्ड्स यांचे तांबडे विमान ‘ग्रोव्हनर हाऊस’, आणि रुबिन यांचे हिरवे विमान मात्र बिननावाचेच राहिले.

आराखडा ए. ई. हॅग यांनी केला आणि त्यांच्या हाती जेमतेम सहा-सात महिने होते. वेगासाठी पंख पातळ हवा होता. पण पंख पातळ केला की आतल्या आडव्या तुळयांची उंची कमी होते आणि केवळ त्यांच्यावर भार टाकता येत नाही. म्हणून हॅग यांनी पंखाच्या सालीलाच भार वाहायला लावले. स्प्रूस लाकडाच्या अरुंद पट्ट्या तिरप्या बसवून एक थर द्यायचा, त्याच्यावर उलट्या दिशेने तिरपा दुसरा थर द्यायचा आणि टोकाकडे ताण कमी पडतो तेथे पट्ट्यांची जाडी कमी करत जायची, अशी ती पद्धत होती. होड्या बांधणाऱ्या सुतारांना तिरप्या फळ्यांचे हे काम परके नव्हते, परंतु एवढ्या पातळ पंखासाठी ते करणे आणि तेही ठरलेल्या तारखेच्या आत करणे, हे धाडसच म्हटले पाहिजे. या विमानाच्या बांधणीत मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती हीच, कारण पुढे तिला फार मोठे फळ आले.

पेट्रोल पंखात मावणारच नव्हते. त्यामुळे मुख्य टाक्या नाकात आणि त्यामागे धडात बसवल्या, वैमानिकांच्या पाठीशी एक लहान टाकी दिली आणि एकूण साठवण २५८ गॅलन झाली. एवढे पेट्रोल पुढे आले तेव्हा दोन्ही वैमानिकांना त्याच्यामागे, एकामागे एक, बसावे लागले. परिणामी पंखांच्या टोकांमधले अंतर ४४ फूट आणि धडाची लांबी २९ फूट असलेल्या या विमानात वैमानिकाला समोरचे फारच कमी दिसे आणि नाक वर केलेल्या स्थितीत उतरताना तर धावपट्टी जवळजवळ झाकूनच जाई. दोन्ही ‘जिप्सी सिक्स आर’ इंजिने नेहमीच्या जिप्सी सिक्सपेक्षा अधिक दाबावर चालतील अशी सुधारून घेतली होती आणि त्यांच्या मागच्या आवरणांत चाके हाताने चक्र फिरवून आत ओढून घ्यावी लागत.

फ्रेंच बनावटीच्या रातिए प्रॉपेलरची रचना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. उड्डाणाच्या वेळी पात्यांचा कोन लहान हवा असतो, म्हणजे इंजिन जोमाने फिरते. वेग आल्यावर तो मोठा हवा असतो, म्हणजे पेट्रोल वाचते. रातिए प्रॉपेलरमध्ये लहान कोन हवेच्या दाबाने धरून ठेवला जाई आणि ही हवा उड्डाणापूर्वी मेकॅनिक चक्क सायकलच्या पंपाने भरत असे. विमानाने ताशी दीडशे मैलांच्या आसपास वेग घेतला की प्रॉपेलरच्या टोपीवरची लहानशी तबकडी वाऱ्याने आत दाबली जाई, झडप उघडून हवा निघून जाई आणि पाती मोठ्या कोनात सरकत. ती हवेत असेपर्यंत पुन्हा मागे येत नसत. उतरताना अंदाज चुकला आणि पुन्हा वर जायची वेळ आली, तर इंजिनाचा पुरता जोर मिळण्याची खात्री उरत नसे.

पहिल्या विमानाचे पहिले उड्डाण ८ सप्टेंबर १९३४ रोजी हॅटफील्डला ह्यूबर्ट ब्रॉड यांनी केले. शर्यतीला सहाच आठवडे उरले होते.

२० ऑक्टोबर १९३४ रोजी पहाटे साडेसहाला मिल्डनहॉलच्या नव्या हवाई तळावरून पहिले विमान सुटले. एकूण वीस विमाने निघाली. मॉलिसन दांपत्य सर्वांत पुढे राहून थेट बगदादला पोहोचले आणि सुमारे २२ तासांत कराची गाठून त्यांनी इंग्लंड–भारत प्रवासाचा नवा विक्रम केला. टपालाच्या विमानाला जेथे आठवडा लागे, तेथे दिवसही पुरा लागला नव्हता. पण पुढे त्यांना नशिबाने साथ दिली नाही. कराचीहून निघाल्यावर चाके आत जाईनात म्हणून त्यांना परतावे लागले आणि नंतर रात्रीच्या प्रवासात वाट चुकून ते अलाहाबादऐवजी नैर्ऋत्येला सुमारे तीनशे किलोमीटर दूर जबलपूरला उतरले. ॲमी जॉन्सन यांच्याबाबतीत हे दुसऱ्यांदा घडत होते : १९३० साली एकटीने ऑस्ट्रेलियाला जातानाही अलाहाबाद न साधल्याने त्या झाशीच्या परेड मैदानावर उतरल्या होत्या. जबलपूर त्या वेळी नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात होते. तेथे विमानाचे पेट्रोल मिळेना, तेव्हा एका स्थानिक बस कंपनीचे पेट्रोल टाक्यांत भरण्यात आले. उच्च दाबाच्या इंजिनाला हलक्या प्रतीचे पेट्रोल दिले की ते वेळेआधीच पेट घेते आणि दट्ट्यावर हादरे बसतात. तसेच झाले. एक दट्ट्या निकामी झाला, तेलाची नळी फुटली, आणि ‘ब्लॅक मॅजिक’ रखडत अलाहाबादला पोहोचले तेव्हा त्यांची शर्यत संपलेली होती.

तोवर सी. डब्ल्यू. ए. स्कॉट आणि टॉम कॅम्पबेल ब्लॅक यांचे ‘ग्रोव्हनर हाऊस’ अलाहाबादच्या बमरौली तळावर येऊनही गेले होते. इंधनासाठी त्यांना किर्कुकला उतरावे लागले होते, पण बगदादहून अलाहाबादपर्यंतचे २,३०० मैल त्यांनी एका दमात कापले. ज्या टप्प्यासाठी विमान बेतले होते, तो टप्पा त्याने जसाच्या तसा पार पाडला. पुढे एका इंजिनाच्या तेलाच्या दाबाचा काटा खाली आलेला दिसला, म्हणून त्यांनी शेवटचा प्रवास ते इंजिन मंद ठेवून केला; दोष इंजिनात नसून काट्यातच असल्याचे नंतर आढळले. २३ ऑक्टोबरला त्यांनी मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सवरून शर्यतीची अंतिम रेषा ओलांडली. मिल्डनहॉलपासूनचा वेळ होता ७० तास ५४ मिनिटे १८ सेकंद.

दुसरा क्रमांक मिळवणारे विमान शर्यतीचे नव्हतेच. केएलएम या डच विमान कंपनीचे ‘उइव्हर’ हे डग्लस डीसी-२ प्रवासी विमान तीन प्रवासी आणि हजारो पत्रे घेऊन आपल्या नेहमीच्या मार्गावरचे थांबे घेत निघाले होते. मेलबर्न जवळ आलेले असताना वादळी रात्री पार्मेंटिए आणि मोल या वैमानिकांची वाट चुकली. तेव्हा ऑल्बरी गावच्या लोकांनी गावातील दिवे उघडझाप करून मोर्स लिपीत गावाचे नाव दाखवले, मोटारींच्या दिव्यांनी रेसकोर्स उजळला आणि विमान तेथे सुखरूप उतरले. सकाळी चिखलात रुतलेले ते धूड गावकऱ्यांनी दोरखंड लावून बाहेर ओढले. ‘उइव्हर’ला सुमारे ९० तास लागले आणि हँडिकॅपचे बक्षीस त्याला मिळाले. तिसरे आलेले बोइंग २४७ हेही अमेरिकी प्रवासी विमानच होते. केवळ दोन माणसे आणि पेट्रोल वाहणाऱ्या विमानापेक्षा भरलेले प्रवासी विमान फक्त वीसेक तास मागे राहिले, हा निकाल ब्रिटिश कारखानदारांना अस्वस्थ करणारा होता आणि माझ्या मते शर्यतीची खरी बातमी हीच होती. दोन महिन्यांतच ‘उइव्हर’ इराकच्या वाळवंटात कोसळले आणि त्यातील सातही जण दगावले.

चौथे आले ते रुबिन यांचे हिरवे कॉमेट. कॅथकार्ट-जोन्स आणि वॉलर यांनी ते लगेच इंग्लंडला परत आणून जाण्या-येण्याचा विक्रम केला. पुढे एकूण पाच कॉमेट बांधली गेली. रुबिन यांच्या विमानासह दोन फ्रान्सने घेतली, ‘ब्लॅक मॅजिक’ पोर्तुगालला गेले, आणि ‘बूमरँग’ नावाचे पाचवे १९३५ साली सुदानवर बिघडल्याने वैमानिकांनी हवाई छत्रीने उड्या घेऊन सोडून दिले. ‘ग्रोव्हनर हाऊस’ ब्रिटिश हवाई दलाने चाचणीसाठी घेतले, उतरताना मोडले आणि भंगार म्हणून विकले. ते पुन्हा उभे राहिल्यावर १९३७ मध्ये आर्थर क्लाउस्टन आणि बेटी कर्बी-ग्रीन यांनी केप टाउनचा, तर मार्च १९३८ मध्ये क्लाउस्टन आणि व्हिक्टर रिकेट्स यांनी न्यूझीलंडला जाऊन परत येण्याचा विक्रम त्याच विमानाने केला. २६,४५० मैलांचा तो प्रवास ११ दिवसांच्या आत पुरा झाला.

लाकडी साल भार वाहू शकते, हे डी हॅविलंडच्या कारखान्याने कॉमेटवर आजमावले होते. तोच अनुभव १९३७ च्या ‘अल्बाट्रॉस’ प्रवासी विमानात उतरला आणि त्यानंतर २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडालेल्या ‘मॉस्किटो’ या लढाऊ विमानात. प्लायवूड आणि बाल्सा यांच्या थरांचे ते विमान युद्धातल्या सर्वांत वेगवान विमानांपैकी एक ठरले. सहा महिन्यांच्या घाईत, एका शर्यतीपुरते, तोट्यात बांधलेल्या तीन विमानांतून कंपनीच्या सुतारांना आणि अभियंत्यांना मिळालेले हे शिक्षण होते.

‘ग्रोव्हनर हाऊस’ १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये लोकांना पाहायला ठेवले होते. १९६५ साली ते बेडफर्डशरमधील शटलवर्थ संग्रहाकडे आले, दीर्घ दुरुस्तीनंतर १९८७ मध्ये पुन्हा उडाले आणि २००२ मध्ये चाकांच्या बिघाडाने त्याचे उडणे पुन्हा थांबले. १ ऑगस्ट २०१४ रोजी, शर्यतीला ऐंशी वर्षे पुरी होत असताना, ते पुन्हा हवेत झेपावले.