आधी थांबायला शिका, मग चालवायला

3 नोव्हेंबर 2007 ला कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलमध्ये, एका बंद पडलेल्या हवाई तळावर दोन गाड्या एकमेकींना धडकल्या आणि दोन्हींत ड्रायव्हर नव्हता. एक एमआयटीची टॅलोस, दुसरी कॉर्नेलची स्कायनेट. डार्पाची, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेची, अर्बन चॅलेंज ही ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्यांची स्पर्धा चालू होती. स्कायनेट थोडं पुढे, मग थांब, मग परत थोडं पुढे असं करत अडखळत होती, टॅलोस मागून आली, तिने ओव्हरटेक केलं आणि ती परत लेनमध्ये शिरतेय तेवढ्यात स्कायनेट पुन्हा हलली. स्पीड अगदी कमी होता म्हणून निभावलं, दोघींनी नंतर स्पर्धेचा मार्ग पूर्णही केला.

कारण बघा काय निघालं. इतक्या हळू चालणारी स्कायनेट टॅलोसच्या सॉफ्टवेअरला गाडी वाटलीच नाही, एका जागी पडलेल्या वस्तूंचा ढीग वाटली, आणि ढीग काही स्वतःहून पुढे येत नाही, त्यामुळे त्याच्या जवळून जायला हरकत नाही असा हिशोब झाला. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. दोन्ही युनिव्हर्सिटींच्या लोकांनी आपापले लॉग, म्हणजे गाडीने केलेल्या नोंदी, एकत्र ठेवले, दोन्ही गाड्यांना त्या क्षणी काय दिसत होतं ते शेजारी शेजारी लावून बघितलं आणि टक्कर का झाली यावर मिळून पेपर लिहिला. रिस्क मॅनेजमेंट शिकवायचं तर यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही.

आता अशा गाड्या शिकवणाऱ्या कोर्सकडे येऊ. ऑटोनॉमस, म्हणजे स्वतः चालणाऱ्या, गाड्यांचा कोर्स म्हटला की मुलांना कॅमेरा, लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर), न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारं सॉफ्टवेअर) हेच हवं असतं आणि पहिल्याच आठवड्यात गाडी पळताना बघायची असते. उत्साह समजतो, पण माझं ठाम मत आहे की पहिलं प्रॅक्टिकल गाडी थांबवण्याचंच पाहिजे. आणि त्यासाठी मोठी गाडी लागत नाही. पेनसिल्वेनिया युनिव्हर्सिटीत 2016 ला सुरू झालेल्या एफ-वन-टेंथसारख्या प्रकल्पांत खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची गाडी वापरतात, वर छोटा लायडार, आत छोटा कॉम्प्युटर, सगळं तेच शिकता येतं.

धोका दिसला की रिमोटवरचं लाल बटण दाबायचं आणि गाडीला "थांब" असा मेसेज जाईल, असं बहुतेक जण पहिल्यांदा डिझाइन करतात. पण नेमकं त्याच वेळी वायफाय गेलं तर? मेसेज पोचणारच नाही आणि गाडी सुसाट. म्हणून उलटं करायचं. रिमोटने सेकंदाला दहा-वीस वेळा "चालू राहा, चालू राहा" असं सांगत राहायचं आणि ते ऐकू येणं बंद झालं की गाडीने स्वतःच मोटरची वीज तोडून ब्रेक लावायचा. याला हार्टबीट म्हणतात. टेस्ट सोपी आहे, गाडी स्टँडवर ठेवा, चाकं हवेत फिरू द्या आणि रिमोटची बॅटरी काढून टाका. चाकं थांबली नाहीत तर त्या दिवशी गाडी जमिनीवर ठेवायची नाही.

मग गणित करा. समजा सिग्नल गेल्यावर गाडी 0.3 सेकंद वाट बघते आणि स्पीड सेकंदाला 5 मीटर आहे, तर ब्रेक लागायच्या आधीच ती दीड मीटर गेली. ब्रेकने स्पीड दर सेकंदाला 5 मीटर प्रति सेकंद इतका कमी होत असेल तर आणखी अडीच मीटर. एकूण 4. स्पीड दुप्पट केला तर 8 नाही, 13 मीटर लागतात, कारण ब्रेकचं अंतर स्पीडच्या वर्गाने वाढतं. समोर 10 मीटरवर भिंत असेल तर काय होणार हे गाडी चालू करायच्या आधीच कागदावर कळतं.



मोठ्या गाडीवर आलं की माणूस हाच मुख्य प्रश्न होतो. 2018 च्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या टेंपीत उबरच्या टेस्ट गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना उडवलं, त्यात त्या गेल्या. सिस्टिमला त्या 5.6 सेकंद आधी दिसल्या होत्या, पण ती त्यांना कधी गाडी, कधी सायकल, कधी आणखी काही समजत राहिली, आणि सेफ्टी ड्रायव्हरचं, म्हणजे गरज पडली तर गाडी हातात घ्यायला बसवलेल्या माणसाचं, लक्ष मोबाइलकडे होतं. तासन्‌तास काहीच न करता नुसतं बघत बसणं माणसाला जमत नाही, हे मान्य करूनच टेस्टचं वेळापत्रक बनवावं लागतं: शिफ्ट छोटी, गाडीत दोघं, लॅपटॉप बघणारा वेगळा आणि स्टिअरिंगवरच्याने स्क्रीनकडे वळूनसुद्धा बघायचं नाही.

"थांबवा" म्हणायचा हक्क मात्र सगळ्यांना, अगदी नवीन आलेल्या मुलालाही, आणि का म्हणून आधी विचारायचं नाही, आधी थांबायचं. अशी मध्येच थांबवलेली टेस्ट रजिस्टरमध्ये लिहा, त्या वेळचा लॉग जपून ठेवा आणि ज्याने थांबवलं त्याचे मार्क कापू नका, उलट कारण नीट लिहिलं असेल तर त्याचे मार्क द्या.