क्रुक्सच्या खोलीतलं कायद्याचं पुस्तक

अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकची 'ऑफ माइस अँड मेन' ही कादंबरी १९३७ ची, कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या शेतावरच्या मजुरांची. बहुतेक जण जॉर्ज आणि लेनी या दोन भटक्या मजूर मित्रांसाठी रडतात, मीपण रडलोय, पण दर वेळी माझा पाय अडकतो तो क्रुक्सच्या खोलीत. क्रुक्स म्हणजे तबेला सांभाळणारा काळा माणूस, घोड्याच्या लाथेने पाठ वाकडी झालेला. सगळे मजूर एका बराकीत झोपतात आणि हा एकटा तबेल्याला लागून असलेल्या खोलीत, लगाम-पट्ट्यांच्या पसाऱ्यात, पेंढा भरलेल्या लांब पेटीवर ब्लँकेटं टाकून, आणि खिडकीखाली शेणखताचा ढीग. बराकीत रमीचा डाव बसतो तेव्हा याला नो एंट्री, का तर म्हणे तुझ्या अंगाला वास येतो. गावकुसाबाहेर राहणं म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे मराठी वाचकाला ही खोली लगेच कळते.

याच खोलीत एक फाटकी डिक्शनरी आहे आणि एक चुरगळलेलं पुस्तक, कॅलिफोर्नियाचा १९०५ चा सिव्हिल कोड, म्हणजे नागरी कायद्यांची संहिता. मी पहिल्यांदा वाचताना यावरून तसाच पुढे गेलो होतो. पण कॅलिफोर्नियाने १८९७ मध्येच कायदा केला होता की खानावळ, हॉटेल, न्हाव्याचं दुकान अशा सार्वजनिक ठिकाणी सगळ्या नागरिकांना सारखी वागणूक मिळाली पाहिजे, आणि तो कायदा सिव्हिल कोडमध्ये घातला गेला नेमका १९०५ साली! स्टाइनबेकने हे ठरवून केलं का ते सोडा, पण हक्क कागदावर आहे, कागद उशाशी आहे आणि समोरच्या बराकीत पाऊल टाकता येत नाही, यापेक्षा मोठं एकटेपण मला तरी सुचत नाही.

क्रुक्स अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेला नाही हेही लक्षात घ्या. तो कॅलिफोर्नियातच जन्मला, वडिलांचा कोंबड्यांचा फार्म होता, लहानपणी गोरी पोरं त्याच्याशी खेळायला यायची. १९३० च्या जनगणनेत त्या राज्यात काळे लोक दीड टक्कासुद्धा नव्हते, म्हणजे दक्षिणेत निदान आपली वस्ती, आपलं चर्च असायचं, इथे तेही नाही. जवळचं गाव सोलेदाद, स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थच एकांत, एकटेपणा, आणि ते नाव १७९१ च्या मिशनपासून, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांच्या धर्मकेंद्रापासून, चालत आलंय.

स्टाइनबेक तिथलाच, १९०२ चा, सलिनासमध्ये जन्मलेला, शेतमजुरांबरोबर स्वतः राबलेला. त्या पट्ट्यात परका फक्त काळा नव्हता. चिनी मजुरांना १८८२ च्या कायद्याने देशाचं दार बंद झालं, जपान्यांना जमीन घेता येऊ नये म्हणून १९१३ चा कायदा आला, आणि जानेवारी १९३० मध्ये सलिनासपासून जेमतेम ३० किलोमीटरवर वॉटसनव्हिलला जमाव फिलिपिनो मजुरांवर तुटून पडला, राहायच्या बराकीवर गोळ्या झाडल्या, त्यात फर्मिन टोबेरा हा २२ वर्षांचा पोरगा गेला. त्यांचा मोठा गुन्हा काय, तर गोऱ्या मुलींबरोबर डान्स करतात.

म्हणून मालकाच्या पोराची, कर्लीची बायको जेव्हा क्रुक्सला म्हणते की मनात आणलं तर तुला झाडाला लटकवायला वेळ लागणार नाही, तेव्हा ती नुसती धमकी नसते. १९३१ मध्ये अलाबामात दोन गोऱ्या बायकांच्या शब्दावर नऊ काळ्या पोरांना बलात्काराच्या आरोपाखाली पकडलं, काही दिवसांत आठ जणांना मृत्युदंड सुनावला, स्कॉट्सबरो खटला तो हाच, आणि त्यातली एक बाई १९३३ मध्ये कोर्टात उलटली की असं काही घडलंच नव्हतं.

आणि बोलणारी तरी कोण? पुस्तकभर जिला स्वतःचं नावसुद्धा नाही अशी, नवऱ्याने टाकल्यासारखी बाई. शनिवारची रात्र, धडधाकट पुरुष गावात गेलेत, मागे उरलेत काळा क्रुक्स, एक हात गेलेला म्हातारा कँडी, मंदबुद्धी लेनी आणि ती. चौघंही एकटी, पण ती क्रुक्सला चिरडते, आणि त्याआधी क्रुक्सनेच लेनीला छळलेलं असतं, जॉर्ज परत आलाच नाही तर काय करशील असं विचारून विचारून. ज्याच्या त्याच्या हाताला आपल्याहून खालचा कुणीतरी लागतो.

त्या रात्री थोडा वेळ क्रुक्सला वाटतं की कँडी-लेनी स्वतःची म्हणून जी जमीन घ्यायचं स्वप्न बघतायत, तिच्यावर आपणही फुकट राबू. कर्लीची बायको बोलून गेल्यावर तो कँडीला हाक मारून सांगतो, विसरून जा, मी नुसती गंमत करत होतो. मग पेटीवर बसून शर्ट वर करतो आणि पाठीला मलम चोळत राहतो.