दहातले सहा

अमेरिकेतल्या कंट्री संगीताला श्रोत्यांना रडवायची भारी हौस. सोडून गेलेली बायको, रात्रभर ट्रक हाकणारा एकटा जीव, म्हातारा बाप आणि आजारी मूल. या शेवटच्या प्रकारातलं एक गाणं आहे ‘स्किन’. रास्कल फ्लॅट्स या त्रिकुटाने ते २००४ च्या अल्बममध्ये जवळजवळ लपवूनच ठेवलं होतं. वेष्टनावरच्या यादीत त्याचं नावही नव्हतं. रेडिओवाल्यांनी ते हुडकलं आणि ते गाजलं.

गोष्ट छोटी आहे. सॅराबेथ नावाची मुलगी पडते, लागल्याचा निळा डाग जाता जात नाही. लाल-पांढऱ्या पेशींचं काहीतरी बिघडलंय, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे ल्युकेमियाच, रक्ताचा कर्करोग, समजायचा. दहातल्या सहांचा आजार परत येत नाही, हेही सांगतात. उपचार अगदी नवा, नुकताच मंजूर झालेला, सगळ्यात जालीम. मग केस जातात. शाळेच्या निरोपाच्या नाचाला मुलगी टक्कल घेऊन कशी जाणार, तर तिचा मित्र स्वतःच डोकं भादरून दारात उभा राहतो.

डाग आणि केस गाणं लिहिणाऱ्यांनी बरोबर पकडलेत. नव्या, जालीम औषधाच्या बाबतीत मात्र त्यांची गाडी घसरली.

आधी डाग. आपण टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलो की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि प्लेटलेट धावत जाऊन भोकं बुजवतात. निरोगी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. रक्तपेशींची रोपं हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेच्या वाफ्यात वाढतात. ल्युकेमियात तिथे तण माजतं: धड मोठ्या न होणाऱ्या, नुसत्या दुप्पट-चौपट होणाऱ्या पांढऱ्या पेशी. बाकीच्यांना जागाच उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की मूल पांढरं पडतं, कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप हटत नाही, प्लेटलेट घटल्या की न आपटताही हिरवेनिळे डाग उठतात. (खेळकर पोराच्या नडगीवर दोन-चार डाग असायचेच, त्याने घाबरू नये. डाग, फिकेपणा आणि ताप एकत्र दिसले तर मात्र रक्त तपासून घ्यावं.)

केस आजाराने गळत नाहीत, औषधाने गळतात. डोक्यावरच्या केसांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास केस कुठल्याही क्षणी वाढत असतात आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सगळ्यात भराभर विभागणाऱ्या पेशींपैकी असतात. केमोची जुनी औषधं विभागणारी पेशी दिसली की मारतात, चांगली-वाईट पाहत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत उशीवर केसांचे पुंजके दिसू लागतात. औषध थांबलं की केस परत येतात.

अशा औषधाचा माग काढत गेलं तर आपण चक्क परळला पोचतो. १९२८ च्या अखेरीस लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक विचित्र पंडुरोग होत असे. रक्तपेशी कमी, पण आकाराने मोठ्या. माकडांवर आणि मग या बायकांवर प्रयोग करताना विल्सबाईंना दिसलं, की यीस्टपासून केलेल्या मार्माइटने तो बरा होतो. १९३१ साली त्यांनी हे छापलं. मार्माइटमधला तो गुणकारी पदार्थ म्हणजे आज प्रत्येक गरोदर बाईला दिलं जाणारं फॉलिक ॲसिड. पेशीला विभागताना डीएनए बनवायला ते लागतं.

बॉस्टनमध्ये मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना या कुळातलीच संयुगं देऊन पाहिली, तर आजार उलट भडकल्याचं त्यांना दिसलं. खत घातलं ते तणाला लागलं. मग त्यांनी उलटा विचार केला: पेशीला फॉलिक ॲसिडसारखं वाटेल, पण उपयोगाला येणार नाही असं खोटं नाणं दिलं तर? तसं नाणं, अमिनोप्टेरिन, लेडरली या औषध कंपनीतल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने बनवलं. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. १९४८ साली फार्बर यांनी १६ मुलांचा अहवाल छापला. त्यातली १० सुधारली होती. काही महिन्यांनी आजार परत आला, तरी तोवर एवढंही कधी घडलं नव्हतं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

आजार परत यायचा, कारण पेशी लपून बसत. हल्ली काही कर्करोगांत केस वाचवायला डोक्यावर गार टोपी घालतात. थंडीने तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि केसांच्या मुळापर्यंत औषध कमी पोचतं. ल्युकेमियात ही टोपी घालत नाहीत, कारण रोगट पेशी रक्ताबरोबर सगळीकडे फिरत असतात आणि त्यांना एकही गार कोपरा ठेवून चालत नाही. मेंदू हा तसला आयता कोपरा. रक्तातून तिथे औषध फारसं शिरतच नाही.

टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये १९६२ साली सेंट ज्यूड हे मुलांचं रुग्णालय सुरू झालं. तिथले पहिले संचालक डोनाल्ड पिंकेल यांनी सगळी औषधं एकत्र जुंपली, मेंदू आणि पाठीच्या कण्याकडे वेगळा मारा केला आणि मूल ठणठणीत दिसू लागल्यावरही दोन-तीन वर्षं औषध चालू ठेवलं. १९७० च्या सुमारास त्यांच्याकडची निम्मी मुलं बरी होत होती. याच रुग्णालयासाठी ‘अलाबामा’ या कंट्री बँडचे गायक रँडी ओवेन यांनी १९८९ मध्ये रेडिओवरून देणग्या जमवायला सुरुवात केली. नॅशव्हिल, म्हणजे कंट्री संगीताचं पंढरपूर, त्याच राज्यात. तेव्हा या संगीताचं आणि या आजाराचं नातं नुसतं डोळ्यांतल्या पाण्याचं नाही.

आता डॉक्टरांचा आकडा. गाणं आलं तेव्हा अमेरिकेत लहान मुलांच्या नेहमीच्या ल्युकेमियात दहातली आठ मुलं वाचत होती. मग सॅराबेथला सहाच का? कारण ती लहान नाही, नाचाला जाण्याच्या वयाची आहे. या वयाचं २००८ साली छापलेलं एक संशोधन मला फार बोलकं वाटतं. १६ ते २० वर्षांच्या ३२१ रुग्णांपैकी काहींवर मुलांच्या पद्धतीने उपचार झाले, काहींवर मोठ्यांच्या. सात वर्षांनी पहिल्या गटातले ६७ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ४६. मुलांच्या पद्धतीत कुठलं जादूचं नवं औषध नव्हतं. व्हिन्क्रिस्टिन, स्टेरॉइड आणि ॲस्पॅरॅजिनेज या जुन्याच औषधांचे डोस जास्त होते आणि मेंदूचा बंदोबस्त लवकर केला होता. म्हणजे एकाच वयाची दोन पोरं कुठल्या दारातून आत गेली यावर एवढा फरक पडत होता.

तेव्हा नुकतंच मंजूर झालेलं, सगळ्यात जालीम वगैरे गाण्यापुरतं ठीक. सॅराबेथच्या वाट्याला आलेली बहुतेक औषधं तिच्या जन्माआधीचीच असणार.

त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम घरी चालतं. रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी आणि आठवड्याला मेथोट्रेक्सेट, म्हणजे त्या अमिनोप्टेरिनचंच सख्खं भावंड. असं सुमारे दोन वर्षं. अमेरिकेत बाटल्यांच्या झाकणात चिप बसवून गोळ्या मोजल्या गेल्या, तेव्हा शंभरात पाचांहून जास्त चुकवणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका सुमारे पावणेतीनपट निघाला. केस आलेत, पोर शाळेत जातंय, आणि तरी रोजची गोळी. आपल्याकडे याला प्रवासाचं आणि खोलीच्या भाड्याचं ओझं जोडलं जातं. गावाकडून ‘टाटा’त आलेले आईबाप पैसे संपले की, किंवा पोर बरं दिसलं की, उपचार मध्येच सोडून परततात. म्हणून २००६ पासून मुंबईत सेंट ज्यूड नावाचीच एक वेगळी संस्था अशा कुटुंबांना फुकट राहायला जागा देते.

ही मुलं तपासणीला येतात ते टाटा रुग्णालय परळलाच आहे. विल्सबाईंचं हाफकिन तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.